भाग-पुनर्खरेदीचा त्याग आणि भागधारकाची प्रतिक्रिया

कंपनीने स्वतःचेच भाग परत विकत घेण्याचा संकल्प जाहीर करावा आणि पुढे तो सोडून द्यावा, तर भागधारकाचे नेमके काय बुडते? खानदेशात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९४५ साली अमळनेर येथे वनस्पती तुपाच्या धंद्यासाठी स्थापन झालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी पुढे ‘विप्रो’ झाली, आणि तिचे भाग अमळनेरच्या अनेक कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या जतन केले गेले. या कंपनीने २०१६ ते २०२३ या काळात पाच वेळा पुनर्खरेदी केली. त्यांपैकी पहिली २,५०० कोटी रुपयांची, तर २०२३ ची १२,००० कोटींची, प्रतिभाग ४४५ रुपये दराने होती. विप्रोने जाहीर केलेल्या या पुनर्खरेद्या पार पाडल्या. तथापि, त्या पार पडल्या नसत्या तर काय झाले असते, हे पाहिल्यावाचून पुनर्खरेदीचे स्वरूप उमगत नाही.

प्रथम हिशेब पाहू. एखाद्या कंपनीची मालमत्ता १०,००० रुपयांची, त्यांपैकी २,००० रुपये रोख, आणि भाग १०० आहेत असे समजू. प्रत्येक भागाचे मूल्य १०० रुपये. कंपनीने याच दराने १० भाग घेतले, तर ९,००० रुपयांची मालमत्ता ९० भागांत विभागली जाते. मूल्य पुन्हा १०० रुपयेच. अर्थात पुनर्खरेदी रद्द झाल्यास कोणाचेच काही जात नाही. परंतु दर १२० रुपये असेल, तर उरलेले ८,८०० रुपये ९० भागांत वाटले जाऊन मूल्य सुमारे ९७ रुपये ७८ पैसे होते. येथे भाग देणाऱ्यास लाभ व न देणाऱ्यास तोटा होतो. म्हणून अशी खरेदी रद्द झाल्यास निराश होतो तो वाढीव दरासाठी नुकताच भाग घेऊन बसलेला सटोडिया. भाग न विकता राखून ठेवणाऱ्याचे त्यात हितच असते.

मग रद्द झाल्याच्या वार्तेने बाजारभाव का उतरावा? कारण बाजार पैशाबरोबरच त्या वार्तेतील सूचनाही मोजतो. भाग स्वस्त आहे आणि रोकड विपुल आहे, असे संचालकांना वाटते, हा घोषणेचा ध्वनितार्थ होय. आयकनबेरी, लॅकोनिशॉक व व्हर्मालेन यांच्या १९९५ च्या अभ्यासात अमेरिकेतील अशा घोषणांच्या वेळी भाव सरासरी साडेतीन टक्के चढल्याचे आढळले. संकल्प सोडताच हा अर्थ उलटतो. तथापि खुल्या बाजारातील पुनर्खरेदी हे मुळातच सैल वचन असते. मार्च २०२० मध्ये शेल कंपनीने पुनर्खरेदीचा पुढील टप्पा स्थगित केला. ३० एप्रिलला तिने लाभांश सुमारे दोनतृतीयांशाने घटवला. दुसऱ्या महायुद्धानंतरची ती पहिली कपात होती आणि त्या दिवशी भाव दहा टक्क्यांहून अधिक कोसळला. लाभांश हे नियमित वचन मानले जाते, म्हणून त्याच्या भंगाचा घाव खोल जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १५ मार्च २०२० रोजी अमेरिकेतील आठ मोठ्या बँकांनी पुनर्खरेदी थांबवली. दुसऱ्याच दिवशी तेथील बाजार सुमारे बारा टक्के घसरला. परंतु मुळात महामारीचे भय होते. एकाच वेळी अनेक कारणे उपस्थित असताना घसरणीचे सारे श्रेय एकास देणे शास्त्रीय नव्हे.

भारतात प्रश्नाचे रूप निराळे आहे. १९९८ च्या सेबी नियमांनी जाहीर घोषणेनंतर प्रस्ताव मागे घेण्यास मनाई केली आणि २०१८ च्या नियमांनी ती कायम ठेवली. म्हणून येथे उघड त्यागापेक्षा अपुरी खरेदीच अधिक अभ्यसनीय ठरते. रिलायन्स इंडस्ट्रीजने २०१२ मध्ये ८७० रुपयांपर्यंतच्या दराने १२ कोटींपर्यंत भाग घेण्याचे योजिले होते. २०१३ च्या जानेवारीत मुदत संपली तेव्हा सुमारे ४.६ कोटीच घेतले गेले होते. त्याच वर्षी सेबीने खुल्या बाजारातील खरेदीत ठरविलेल्या रकमेपैकी निदान निम्मी खर्च करण्याचे बंधन घातले आणि २०२३ मध्ये ते ७५ टक्क्यांवर नेले. वचन जितके पक्के, तितकी त्याच्या घोषणेस किंमत अधिक. आणि तितकाच भंगाचा दंडही मोठा.

याचे तात्पर्य असे की ‘गुंतवणूकदारांची प्रतिक्रिया’ हे एकवचन फसवे आहे. वाढीव दराने भाग देऊ इच्छिणारा आणि भाग राखून ठेवणारा या दोघांचे हितसंबंध परस्परविरुद्ध असतात. बाजारभाव मात्र बहुधा त्या दिवशी व्यवहार करणाऱ्यांचेच मत नोंदवतो. अमळनेरच्या जुन्या भागधारकाचे मौन त्यात उमटत नाही. जळगाव व धुळे येथील विद्यार्थ्यांनी भावांच्या तक्त्यांबरोबरच अशा कुटुंबांत जाऊन कोणी भाग दिले, कोणी राखले आणि का, याची पद्धतशीर नोंद केल्यास, तक्त्यांतून न मिळणारे उत्तर हाती येण्याचा संभव आहे.