उष्णतेने संस्कारित लाकूड : गुण आणि मर्यादा

साग, ऐन, बाभूळ आदी रुंद पानांच्या वृक्षांपासून मिळणाऱ्या लाकडास कठीण काष्ठ म्हणतात. सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन हे त्याचे तीन मुख्य घटक होत. उष्णतेने यांपैकी प्रथम विघटन पावते ते हेमिसेल्युलोज. संस्कारित लाकडाचे गुण व दोष समजून घ्यावयाचे, तर या विघटनापासून आरंभ करावा लागतो.

या प्रक्रियेत लाकूड प्राणवायूविरहित भट्टीत, बहुधा वाफेच्या सान्निध्यात, १६० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले जाते. कठीण काष्ठातील हेमिसेल्युलोजमध्ये ॲसिटिल गट विपुल असतात. ते सुटून ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातील आम्ल, तयार होते आणि तेच पुढील विघटनास चालना देते. फॉर्मिक आम्ल व फरफ्युरल हीही बाहेर पडतात. पाणी धरून ठेवणारे गट घटल्यामुळे असे लाकूड पावसाळ्यात कमी फुगते, उन्हाळ्यात कमी आकसते आणि बुरशीपुढे अधिक काळ टिकते. त्याचा रंगही गडद होतो.

तथापि याच प्रक्रियेने लाकूड ठिसूळ होते व त्याचे बळ घटते. म्हणून तुळया, वासे, खांब अशा भार पेलणाऱ्या कामांसाठी ते वापरू नये. वाळवीपासून संरक्षणाची खात्री नसल्याने ते जमिनीत पुरू नये. उरलेल्या आम्लांशामुळे साधे खिळे गंजतात. तेथे स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरणे इष्ट. भिंतींवरील आच्छादनाच्या फळ्यांसाठी मात्र हे लाकूड उपयुक्त ठरते.

परदेशी मालाच्या खोक्यांवरील ‘एचटी’ या शिक्क्याचा अर्थ निराळा आहे. किडींच्या नाशासाठी लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापविले, एवढेच तो दर्शवितो. त्याने लाकूड टिकाऊ होत नाही.

भट्टीतून निघणारे आम्लयुक्त पाणी ओढ्यानाल्यांत सोडणे घातक होय. हीच द्रव्ये गोळा केल्यास उपयोगी पडतात. भद्रावती येथे १९२३ मध्ये सुरू झालेल्या लोखंडाच्या कारखान्यास कोळसा लागे. तो तयार करताना लाकडाच्या भंजक ऊर्ध्वपातनातून मिथिल अल्कोहोल, कॅल्शियम ॲसिटेट व डांबर मिळविले जात असे.

शाळा वा पंचायतीच्या इमारतीसाठी संस्कारित लाकूड घेताना ते किती अंशांवर तापविले आहे व कोणत्या कामास योग्य आहे, याची लेखी माहिती पुरवठादाराकडून अवश्य घ्यावी.