दुसऱ्या खुर्चीतली चाळीस वर्षं

20 नोव्हेंबर 2024 च्या रात्री अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, स्टॉर्स नावाच्या लहानशा गावात, कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाने फेअरली डिकिन्सन विद्यापीठाला हरवलं. सामना एकतर्फी होणार हे सगळ्यांना ठाऊकच होतं. लोक जमले होते ते आकड्यासाठी. मुख्य प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांचा हा 1,217वा विजय; स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडरव्हीर यांचा 1,216 विजयांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. विक्रम ऑरिएमांच्या एकट्याच्या नावावर लागला. विद्यापीठाने मात्र सत्कार दोघांचा ठेवला होता. दुसरं नाव होतं ख्रिस डेली. 1985 साली ऑरिएमा इथे आले तेव्हाच त्याही आल्या आणि तेव्हापासून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आहेत. खेळाडू त्यांना ‘सीडी’ म्हणतात.

सहायक प्रशिक्षकाची नोकरी ही पुढे मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी करायची उमेदवारी, असा त्या क्षेत्रातला सर्वसाधारण समज आहे. चार-सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काढायची, मग स्वतःचा संघ मिळवायचा. डेली त्या वाटेने गेल्याच नाहीत. म्हणून हे पद नेमकं काय असतं ते त्यांच्या कारकिर्दीतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं इतर कुणाच्या क्वचितच दिसेल.

आपल्याकडे कॉलेजच्या जिमखान्याचे एकच सर कबड्डीपासून क्रॉसकंट्रीपर्यंत सगळं पाहतात. अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा वेगळाच कारभार आहे. खेळाडूंना शिष्यवृत्त्या, हजारो प्रेक्षकांची सभागृहं, टीव्हीचे करार आणि एकेका संघामागे पगारी प्रशिक्षकांची फळी. मुलींच्या वाट्याला यातलं काही येऊ लागलं ते 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्यानंतर. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला लिंगावरून भेदभाव करता येणार नाही, असं त्या कायद्याने ठरवलं. त्याच्या एका विपरीत परिणामाबद्दल फारसं बोललं जात नाही. 1972 मध्ये कॉलेजातल्या मुलींच्या संघांपैकी 90 टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक बायका होत्या. पगार आणि प्रतिष्ठा आली तसे पुरुषही या पदांकडे वळले, आणि हे प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं.

डेली या बदलाच्या ऐन उंबरठ्यावर खेळल्या. त्या न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकच्या आणि तिथल्याच रटगर्स विद्यापीठाच्या खेळाडू. त्या काळी महिलांचे आंतरविद्यापीठ सामने एआयएडब्ल्यू ही महिलांनीच चालवलेली संघटना भरवत असे. 1982 मध्ये पुरुषांचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या बलाढ्य संघटनेने महिलांचीही स्पर्धा सुरू केली. त्या एका वर्षी देशात दोन राष्ट्रीय विजेते झाले: एनसीएएचं विजेतेपद लुइझियाना टेकने मिळवलं, एआयएडब्ल्यूचं रटगर्सने. रटगर्सने अंतिम सामन्यात टेक्ससला 83-77 असं हरवलं. एआयएडब्ल्यूची ती शेवटचीच स्पर्धा ठरली. संघटनाच मोडीत निघाली. म्हणजे डेली ज्या चषकाच्या मानकरी आहेत तो पुढे कुणाला मिळालाच नाही.

कॉर्नेल आणि मग रटगर्स इथे सहायक म्हणून थोडी वर्षं काढल्यावर त्या स्टॉर्सला आल्या. ऑरिएमाही तोवर सहायकच होते, व्हर्जिनिया विद्यापीठात डेबी रायन यांच्या हाताखाली. कनेक्टिकटच्या महिला संघाला तोपर्यंतच्या सगळ्या इतिहासात जेमतेम एक हंगाम पराभवांपेक्षा जास्त विजयांचा लाभला होता. संघ जिथे खेळायचा त्या जुन्या फील्ड हाउसचं छप्पर गळायचं. पहिल्या हंगामात 12 विजय, 15 पराभव. 1988 मध्ये डेली सहयोगी मुख्य प्रशिक्षक झाल्या, 1989 मध्ये संघाने बिग ईस्ट गटाचं विजेतेपद पटकावलं, 1991 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत जागा मिळवली. 1995 मध्ये एकही सामना न हरता, 35-0 अशा हिशेबाने, राष्ट्रीय विजेतेपद आलं. अंतिम सामन्यात टेनेसीला 70-64 असं नमवलं. एप्रिल 2025 मध्ये साउथ कॅरोलायनाला 82-59 हरवून कनेक्टिकटने बारावं विजेतेपद घेतलं. या बाराही वेळी डेली बाकावर होत्या.

आता कामाकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सहायकाच्या कामाचा मोठा हिस्सा मैदानाबाहेर घडतो. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिक्रूटिंग, हायस्कूलमधल्या मुली हेरून त्यांना आपल्या विद्यापीठात आणणं. जुलैच्या उकाड्यात एकाच छताखाली आठ-आठ कोर्टांवर सामने चालतात, आणि प्रशिक्षक आपापल्या विद्यापीठाचा शर्ट घालून भिंतीलगत बसतात. शर्ट मुद्दाम घातलेला असतो: मुलीला दिसलं पाहिजे की कोण तिला पाहायला आलंय. बोलायला मात्र बंदी, कारण कुठल्या महिन्यात भेटायचं, कधी फोन करायचा, कधी नुसतं पाहायचं, याचं एनसीएएचं वेळापत्रक आहे. मुलीचा नेम प्रेक्षकांतल्या कुणालाही दिसतो. अनुभवी सहायक पाहतो ते वेगळं: बदली करून बाहेर बोलावल्यावर ती बाकावर कशी बसते, चूक झाली की सहकाऱ्याकडे पाहते की खाली. 1991 मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधली सहा फूट चार इंचांची रिबेका लोबो कनेक्टिकटला आली. तिच्या घराजवळच कॉलेज होतं हे खरं, पण देशातल्या मोठ्या संघांना सोडून गळक्या छपराचा इतिहास असलेल्या संघाकडे यायला तिला पटवावं लागलंच असणार.

दुसरं काम ‘स्काउट’चं. हंगामातले प्रतिस्पर्धी सहायकांत वाटले जातात. ज्याच्या वाट्याला जो संघ, त्याने त्याचे जुने सामने पाहायचे, कुणाला डाव्या बाजूनेच घुसायची सवय आहे, टाइमआउटनंतर कुठली चाल खेळतात, हे काढायचं, आणि मुलींच्या लक्षात राहील इतक्या कमी शब्दांत मांडायचं. पस्तीस पानी अहवाल लिहिणं सोपं. त्यातून तीन वाक्यं निवडणं अवघड. मग सराव. तिथे प्रतिस्पर्ध्याच्या चाली खेळून दाखवायला विद्यापीठातले मुलगे बोलावतात, कारण उंची आणि वेग त्यांच्याकडे जास्त. त्या मुलांना विरोधी संघाच्या सवयी शिकवायच्या त्याही सहायकानेच.

डेली यांच्याकडे याशिवाय एक खातं आलं, जे कुठल्याही नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं: मुलींना वळण लावणं. शर्ट आत खोचलेला हवा, वेळेवर यायचं, ज्यांनी काही केलं त्यांना हाताने लिहून आभाराची चिठ्ठी पाठवायची, ताटावर कसं बसायचं. वाचताना हे जुन्या कन्याशाळेतल्या बाईंसारखं वाटतं, आणि एखाद्या मुलीला त्याचा जाचही होत असेल. पण मुख्य प्रशिक्षकाने रागवायचं आणि सहायकाने समजूत घालायची, ही ठरीव विभागणी या जोडीत नाही, हे मला लक्षणीय वाटतं. शिस्त दोघांचीही आहे, तपशील डेलींचे आहेत. मार्च 2021 मध्ये कोविडमुळे ऑरिएमांना घरी राहावं लागलं तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेतले पहिले दोन सामने डेलींनी सांभाळले: हाय पॉइंटवर 102-59, सिरॅक्यूजवर 83-47.

कनेक्टिकटचा जुना प्रतिस्पर्धी टेनेसी. तिथे मुख्य प्रशिक्षक पॅट समिट यांच्या शेजारी सहायक मिकी डिमॉस बसत. रिक्रूटिंग म्हणजे काय हे सांगणारी सर्वांत नामी गोष्ट या दोघींचीच आहे. सप्टेंबर 1990 मध्ये समिट गरोदरपणाच्या शेवटच्या दिवसांत पेनसिल्व्हेनियात मिशेल मार्सिनियाक नावाच्या मुलीच्या घरी गेल्या, सोबत डिमॉस. तिथेच त्यांना प्रसूतीची लक्षणं सुरू झाली. परतीच्या विमानात वैमानिकाने व्हर्जिनियात उतरायचं सुचवलं. समिट यांनी साफ नकार दिला. आदल्या हंगामात व्हर्जिनियाने त्यांच्या संघाला स्पर्धेबाहेर काढलं होतं! मुलगा नॉक्सव्हिललाच जन्मला. मार्सिनियाक मात्र आधी नोत्र दामला गेली, मग तिथून टेनेसीला आली, आणि 1996 च्या अंतिम फेरीत सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली. त्या विमानप्रवासात डिमॉस यांनी काय सोसलं असेल, याची नोंद कुठल्याच विजयतक्त्यात नसते.

वरची पायरी चढलेल्यांचं काय होतं? डिमॉस 2003 मध्ये केंटकीच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या, 2006 मध्ये त्यांच्या संघाने अव्वल क्रमांकावरच्या टेनेसीलाच हरवलं, आणि 2007 मध्ये त्यांनी स्वतःहून पद सोडलं. पुन्हा सहायक झाल्या, आधी टेक्ससमध्ये, मग परत समिट यांच्याकडे. ऑगस्ट 2011 मध्ये समिट यांनी आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या हंगामाचा बराचसा भार सहायकांनी उचलला. त्यांतल्या हॉली वॉर्लिक 27 वर्षं सहायक होत्या. 2012 मध्ये त्या मुख्य झाल्या. 2019 मध्ये विद्यापीठाने त्यांना काढलं. कनेक्टिकटच्या जमेल एलियट 1995 च्या विजेत्या संघातल्या खेळाडू, मग सहायक, मग 9 हंगाम सिनसिनाटीच्या मुख्य प्रशिक्षक, आणि 2020 पासून पुन्हा स्टॉर्सला सहायक. या परतण्याला लोक माघार म्हणतात. मला ते पटत नाही. मुख्य प्रशिक्षकाचा निम्मा दिवस देणगीदार आणि पत्रकार यांच्यात जातो. ज्याला मुलींना खेळ शिकवायचा आहे त्याला ती बढती वाटेलच असं नाही.

तरीही एक प्रश्न उरतो. महिला संघाचा मुख्य पुरुष आणि चाळीस वर्षं दुसऱ्या जागी बाई, हे चित्र 1972 नंतर जे घडलं त्यापासून वेगळं काढता येत नाही. डेलींचा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे म्हणून तो प्रश्न मिटत नाही, आणि प्रश्न आहे म्हणून त्यांची कारकीर्द अर्धवट ठरत नाही.

काम मात्र बदलतंय. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, विद्यापीठ बदलणं सोपं झालं आहे. त्यामुळे सहायकाला आता हायस्कूलबरोबरच इतर संघांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंवरही डोळा ठेवावा लागतो, आणि आपल्या मुली टिकवाव्या लागतात. 2023 मध्ये एनसीएएने आणखी दोन प्रशिक्षक ठेवायला परवानगी दिली, पण त्यांना बाहेर जाऊन रिक्रूटिंग करायची मुभा तेव्हा दिली नाही.

महिला बास्केटबॉलचं सन्मान-दालन नॉक्सव्हिलमध्ये आहे, म्हणजे टेनेसीच्या गावात. 2018 मध्ये तिथे ख्रिस डेली आणि मिकी डिमॉस या दोघींना एकाच वर्षी स्थान मिळालं. दालनात मुख्य प्रशिक्षक पुष्कळ आहेत. कारकिर्दीचा मोठा भाग सहायक म्हणून काढलेल्या थोड्याच. निवड करणाऱ्यांनी त्यांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये. आणि मार्चमध्ये कधी हे सामने पाहाल, तर टाइमआउटला चाली आखायची फळी हातात घेतलेल्या माणसाबरोबर त्याला फळी देणाऱ्या माणसाचं नावही जरूर शोधा.