एकाच घरात दोन बातम्या

अकोटच्या आमच्या घरी बैठकीतला रेडिओ आईला स्वयंपाकघरातही ऐकू यावा, म्हणून तिथे ब्लूटूथ स्पीकर ठेवला. बातम्यांचा प्रत्येक शब्द दोनदा येऊ लागला. आईला एकही समजेना! असे का व्हावे? बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात. पण आवाजाचे अंक करणे, ते साठवणे, पुन्हा आवाज करणे यात साधारण ०.१५ सेकंद जातो. तेवढ्यात ध्वनी ५१ मीटर जातो. म्हणजे स्पीकर जणू ५१ मीटर दूर! सर्व स्पीकरांची वेळ जुळवणारी बिनतारी यंत्रणा मिळते, पण महाग. आम्ही तारच ओढली. अंतर २० मीटर, जाऊन-येऊन ४० मीटर तार. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध ०.६८ ओहम, स्पीकर ८ ओहमचा. तारेत वाया जाणारी शक्ती सुमारे ८ टक्के, कानाला न कळणारी. भिंतीला पाडलेले भोक मात्र आईच्या लगेच लक्षात आले.