स्थानकापासून ५०० मीटर

पुण्यात मेट्रो स्थानकाभोवतीच्या ५०० मीटर त्रिज्येचा पट्टा म्हणजे 'टीओडी झोन' (ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीभोवतीचा विकास). इथे प्रीमियम भरून ४ पर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) मिळू शकतो. एफएसआय ४ म्हणजे १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर ४,००० चौरस मीटर बांधकाम. मात्र तो सरसकट मिळत नाही. समोरचा रस्ता किती रुंद आणि भूखंड केवढा, यावर आकडा ठरतो. गल्लीतल्या छोट्या सोसायटीला म्हणूनच पूर्ण लाभ मिळणं अवघड; शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी भूखंड एकत्र केले तर गणित बदलतं.

वनाझ ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. त्यावरच्या आयडियल कॉलनी, नळ स्टॉप परिसरात तीन-चार मजली जुन्या इमारती आजही दिसतात. पुनर्विकासाची चर्चा तिथे घरोघरी आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण नकाशावरचं वर्तुळ पायी चालणाऱ्याला कळत नाही. कर्वे रस्ता ओलांडायला थांबलेल्या आजींसाठी ५०० मीटर हे फार मोठं अंतर असतं. सलग पदपथ हवेत, तेही इमारती उठण्याआधी.

वाहतुकीच्या मार्गालगत उंच इमारती ही कल्पना नवी नाही. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४पासून जलद बससेवेचे मार्ग सुरू केले आणि उंच इमारतींना परवानगी प्रामुख्याने त्याच मार्गांलगत दिली. आतल्या वस्त्या ठेंगण्याच ठेवल्या.