नाणे तेच, डबी वेगळी

नाणे पारखण्याची आपल्याकडे एक सोपी रीत होती. सराफ रुपया अंगठ्याच्या नखावर उडवी, फरशीवर टाकी आणि कान देऊन ऐके. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. आपण माणसांनाही पुढे हेच मोजमाप लावू लागलो. पण अलीकडे अमेरिकेत नाणी जमवणाऱ्या मंडळींत मला सहा महिने वावरायला मिळाले, आणि तिथे नाणे वाजवण्याची सोयच उरलेली नाही. तिथले हौशी लोक जी नाणी विकत घेतात ती टणक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत कायमची बंद असतात. डबीवर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नाण्याचे साल, टांकसाळ, एक लांबलचक क्रमांक आणि शेवटी एक अंक. नाण्याची किंमत त्या अंकावर, आणि तो अंक कुणी दिला यावर ठरते.

हा अंक आला कुठून? विल्यम शेल्डन नावाच्या गृहस्थांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या, मोठ्या तांब्याच्या सेंटवर एक पुस्तक लिहिले आणि त्यात १ पासून ७० पर्यंतची मोजपट्टी दिली. अगदी झिजून सपाट झालेले नाणे १, निर्दोष नाणे ७०. त्यांचा हिशोब बेताचा आणि भाबडा होता: सत्तर अंकाच्या नाण्याची किंमत एक अंकाच्या नाण्याच्या सत्तर पट असावी! किमतींनी तो हिशोब केव्हाच धुडकावून लावला. मोजपट्टी मात्र टिकली, आणि तांब्यावरून चांदी-सोन्यावरही चढली. टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न फिरलेल्या नाण्याला ६० ते ७० मधला अंक मिळतो, आणि त्यापुढे 'एमएस' ही अक्षरे लावतात. ६३ आणि ६४ यांत फरक काय? लिबर्टीदेवीच्या गालावर एखादा ओरखडा जास्त, चकाकी थोडी कमी. माझ्या डोळ्यांना तर तो भिंगातूनही दिसेना. पण काही सालांच्या नाण्यांना तेवढ्यावर दीडपट-दुप्पट भाव पडतो!

पूर्वी हा अंक दुकानदारच ठरवीत. विकताना जे नाणे 'कोरे करकरीत' असे, तेच परत विकायला नेले की 'जरा झिजलेलेच दिसते' असे होई. (दागिना मोडायला सराफाकडे गेलेल्या गृहिणीला हे समजावून सांगायला नकोच.) यावर तोड म्हणून १९८६ साली कॅलिफोर्नियात पीसीजीएस नावाची संस्था सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी जॉन अल्बानीझ यांनी एनजीसी ही दुसरी काढली. या संस्था स्वतः नाणी विकत नाहीत. तुम्ही नाणे पाठवायचे, शुल्क भरायचे. तिथले पारखी एकमेकांचे मत न पाहता आपापला अंक देणार. शेवटी एक अंक ठरवून नाणे डबीत सीलबंद करणार. शिवाय हमी आहे: नाणे खोटे निघाले किंवा अंक जास्त दिलेला ठरला, तर भरपाई. त्यामुळे न्यूयॉर्कचा माणूस टेक्सासचे नाणे न पाहता विकत घेऊ लागला. २०१३ च्या जानेवारीत १७९४ सालचा एक चांदीचा डॉलर लिलावात १,००,१६,८७५ डॉलरला गेला, तेव्हा त्याच्याही डबीवर ६६ हा अंक होता.

येथवर सारे छान. पण पारखी दोन झाले की मते दोन होतात, आणि तिथून खरी मौज सुरू होते.

दोन्ही संस्थांची मोजपट्टी एकच, तरी एका संस्थेच्या ६५ ला बाजारात जो भाव येतो तोच दुसरीच्या ६५ ला येईल असे नाही. कुठे या डबीला मान, कुठे त्या. त्यात इंटरनेटवर संग्रहांच्या चढाओढी लागतात; कुणाचा संच किती अंकांचा, याची जाहीर यादी असते, आणि आपल्याच डबीतल्या नाण्यांना यादीत जागा देण्याचा बाणाही तिथे दिसतो. मग संग्राहकाला वाटते, माझे हे नाणे त्या डबीत असते तर! या डबीबदलाला तिथे 'क्रॉसओव्हर' म्हणतात. मला मात्र तो शब्द ऐकताना आपल्या पेशवाईतला बट्टा आठवला. अंकुशी रुपया, चांदवडी रुपया, शिवाय गावोगावच्या टांकसाळींचे आणखी कितीतरी. चांदी तीच, पण एका शिक्क्याचा रुपया देऊन दुसऱ्या शिक्क्याचा घ्यायचा तर सराफ बट्टा कापून घेई. कंपनी सरकारने १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला आणि पुढे हळूहळू हा धंदा मोडला. अमेरिकेत तो नव्याने उभा राहिला आहे, एवढेच.

डबी बदलण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. नाणे जुन्या डबीसकट दुसऱ्या संस्थेकडे पाठवायचे आणि अर्जावर लिहायचे की किमान अमुक अंक मिळत असेल तरच डबी बदला. तिथले पारखी नाणे डबीतूनच, प्लॅस्टिकच्या पलीकडून पाहतात. किमान अंक पटला तर डबी फोडून नाणे आपल्या डबीत घालतात. नाही पटला तर जसेच्या तसे परत. शुल्क मात्र दोन्ही वेळा भरायचे! आता विचार करा. प्लॅस्टिकवर चरे असतात, कडा नीट दिसत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याने दिलेला अंक तर डोळ्यांसमोर छापलेला. 'हो' म्हटले तर हमीची जबाबदारी अंगावर येणार. 'नाही' म्हटले तर काहीच बिघडत नाही. अशा वेळी पारख्याचा हात आखडला तर त्यात नवल नाही. दुसऱ्याच्या हातचा लाडू कुणी खुल्या मनाने वाखाणला आहे?

माझे भाचेजावई या चक्रात सापडले, म्हणून मला हे सारे कळले. ते न्यू जर्सीत नोकरी करतात आणि गेली अठरा वर्षे मॉर्गन डॉलर जमवतात. हा चांदीचा डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पडला; वजन पावणेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास, दहात नऊ भाग चांदी. मुलगी यंदा कॉलेजात जायची होती आणि पहिल्या वर्षाच्या खर्चासाठी वीस निवडक डॉलर विकायचे नवरा-बायकोने ठरवले होते. त्यांतले एकोणीस एका संस्थेच्या डबीत आणि एकच, १८८३ सालचा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा, दुसरीच्या डबीत. नेमका तोच सर्वांत मोलाचा! त्या साली तिथे साडेबासष्ट लाख डॉलर पाडले होते, पण बहुतेक व्यवहारात फिरून झिजले. कोरा राहिलेला मिळणे कठीण. यांच्या डबीवर ६३ होता. दुकानदाराने सांगितले, हाही त्याच डबीत आणा, म्हणजे संच एकजात दिसेल आणि भाव वाढेल.

त्यांनी किमान ६३ लिहून नाणे पाठवले. काही आठवड्यांनी ते जसेच्या तसे, जुन्या डबीत परत आले. शुल्क गेले, टपालाचा विमा गेला.

"आता फोडा ती डबी," दुकानदार म्हणाला. "मोकळं नाणं पाठवा. कुणी सांगावं, ६४ सुद्धा येईल."

हा दुसरा मार्गही तिथे रूढ आहे. काही लोक तर तोच उद्योग करतात: डबी फोडायची, नाणे पुन्हा पाठवायचे, अंक पसंत पडेपर्यंत पाठवत राहायचे. त्याचा एक गमतीदार परिणाम म्हणजे, कोणत्या अंकाची किती नाणी आहेत याचे जे खानेसुमारीचे आकडे संस्था प्रसिद्ध करतात, त्यांत एकच नाणे तीन-चारदा मोजले जाऊ शकते, कारण फोडलेल्या डबीतली जुनी चिठ्ठी परत पाठवण्याची तसदी सगळेच घेत नाहीत. पण डबी फुटली की जुनी हमीही संपली. नवा पारखी ६२ म्हणाला तर ६२. आणि 'हे नाणे कधीतरी घासलेले आहे' असे म्हणाला तर अंकच नाही. चिठ्ठीवर नुसता शेरा.

घासलेले! इथे वाचक भगिनींना थांबवून एक गोष्ट सांगतो. लक्ष्मीपूजनासाठी पेटीतले राणीछाप रुपये काढून आपण चिंचेने, रांगोळीने लख्ख घासतो ना, तेच या पारख्यांच्या लेखी महापाप! मूळची चकाकी एकदा गेली की ती परत येत नाही. तेव्हा जुनी नाणी पूजेत हवी असतील तर तशीच ठेवा. लक्ष्मी रागावणार नाही. आणि हे वाचून कुणी राणीछाप रुपया अंक मिळवायला अमेरिकेला पाठवायला निघाले असेल, तर तेही जपून. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेले नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा मुंबईचा रुपया, जो संग्राहकांत फार दुर्मीळ मानतात, तो अजून शंभरीत आलेला नाही. पण त्याच्या नकला इतक्या आहेत की घरात सापडला म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नाही. आधी इथल्याच जाणत्या माणसाला दाखवा.

असो. जावईबापूंनी पक्कड काढून टेबलावर ठेवली. भाची स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अरे, ६४ आला तर किती जास्त मिळतील?"

त्यांनी आकडा सांगितला.

"आणि घासलंय म्हणाले तर?"

त्यांनी दुसरा आकडा सांगितला. भाचीने दोन्ही आकडे वाण्याच्या बिलामागे लिहिले, खाली रेघ मारली आणि म्हणाली, "मामा, तुम्ही बँकेत होतात. तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार! बँकेत आम्ही फाटक्या नोटासुद्धा पुरा भाव देऊन बदलून देत असू. एवढे म्हणालो, की दोघा जाणत्यांनी नाणे पाहिले, एकाने हो म्हटले, दुसऱ्याने नाही. तिसऱ्याला दाखवायला हरकत काय? अशा तिसऱ्या मताचीही तिथे सोय आहे, आणि गंमत पाहा, ती काढणारे गृहस्थ पुन्हा तेच अल्बानीझ. २००७ साली त्यांनी सीएसी नावाची संस्था काढली. ती दोन्ही संस्थांची डबीबंद नाणी तपासून, अंक रास्त वाटला तर डबीवर हिरवी टिकली चिकटवते. म्हणजे पारख्यांवर पारखी! २०२३ पासून त्यांची स्वतःची डबीही बाजारात आहे. नाहीतरी ही पारख शेवटी मतच आहे, हे तिथल्या सरकारच्या ध्यानात १९९० सालीच आले होते; फेडरल ट्रेड कमिशनने पीसीजीएसवर कारवाई केली ती जाहिरातींतल्या वस्तुनिष्ठतेच्या दाव्यांबद्दल, आणि प्रकरण तडजोडीने मिटले.

पण टिकलीसाठी थांबायला वेळ नव्हता. कॉलेजची फी भरायची तारीख जवळ आली होती. पक्कड पुन्हा खणात गेली. एकोणीस डॉलरचा संच दुकानदाराने घेतला, विसावा आम्ही रविवारी सकाळी एका हॉटेलच्या दिवाणखान्यात भरलेल्या नाण्यांच्या बाजारात घेऊन गेलो.

तीन टेबलांवर डबी उलटीपालटी झाली आणि चिठ्ठी वाचून परत आली. चौथ्या टेबलाशी गिऱ्हाईक म्हणून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी डबी मागितली, उजव्या हाताचा अंगठा चिठ्ठीवर नीट दाबून धरला, आणि खिशातले भिंग काढून पाच मिनिटे नुसते नाणे पाहत राहिले. दिव्याखाली फिरवले, पालथे केले, पुन्हा सुलटे केले. मग अंगठा न हलवता किंमत सांगितली. जावयांनी मनात धरलेल्या आकड्यापेक्षा ती दोनशे डॉलर कमी होती. जावयांनी माझ्याकडे पाहिले, मी छताकडे पाहिले, आणि सौदा झाला.

पैसे मोजून झाल्यावर म्हाताऱ्यांनी अंगठा काढला, चिठ्ठी वाचली आणि मान डोलावली.

"हे दुसऱ्या डबीत घालायला पाठवणार का?" जावयांनी न राहवून विचारले.

"छे!" ते म्हणाले. "माझी नाणी अल्बममध्ये असतात. ही डबी आज संध्याकाळी फोडायची आहे."