कागदावरचा धर्म

जनगणना म्हणजे शिरगणती. तिचा माणूस दारात येतो. घरात माणसे किती, ते विचारतो. मग विचारतो, "धर्म कोणता?" आपण एक शब्द सांगतो. तो लिहून घेतो.

एका शब्दाने काय होते? पुष्कळ होते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्याबरोबर लाखो लोकांनी घेतली. १९५१ साली साऱ्या देशात बौद्ध होते सुमारे १ लाख ८० हजार. १९६१ साली ते ३२ लाखांच्या वर गेले. गावाने ज्या नावाने हिणवले ते लोकांनी टाकले. स्वतः निवडलेले नाव सांगितले. मान ताठ झाली.

पण या शब्दाची किंमतही पडली. बौद्ध लिहिले की अनुसूचित जातीच्या केंद्र सरकारी सवलती जात. त्या बौद्धांना १९९० साली मिळाल्या. तोवर मुलाची नोकरी की मनातला धर्म, असा पेच पडे. म्हणून काही जणांच्या घरात बुद्धाची तसबीर असे आणि दाखल्यावर धर्म हिंदू असे. त्यांना खोटे कोण म्हणेल?

तेव्हा मंडळी, नुसत्या शब्दावरून माणसाची पारख करू नये. त्याचे मन कागदात मावत नाही. मात्र आपला धर्म कोणता, हे आपणच सांगावे. तलाठी, मास्तर, शेजारी यांनी ठरवू नये. आता तुम्हांला वाचता येते. दाखल्यावर काय लिहिले आहे, ते स्वतः वाचून पाहा.