अलिबागच्या हवेतली गर्दी

शनिवारी मांडव्याला रो-रो लागते, वरसोली-नागाव-किहीमची होमस्टे भरतात आणि वायफाय रडायला लागतं. मोबाइलवर रेंज फुल्ल, व्हिडिओ मात्र अडकलेला. मालक आणखी एक राउटर आणतो. त्यानं त्रास बहुधा वाढतोच.

कारण हवेत जागाच थोडी. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एका चॅनेलवरचं प्रत्येक यंत्र आधी कानोसा घेतं. दुसरं बोलत असेल तर थांबतं. वाडीच्या टोकाला पोफळींआड बसलेल्या पाहुण्याचा फोन क्षीण सिग्नलवर रेंगाळत बोलतो, तेवढा वेळ राउटरजवळचे फोनही ताटकळतात. शिवाय फोन धरलेला राउटर सहजी सोडत नाही. २०१८ मध्ये भारतानं ५ गिगाहर्ट्‌झमध्ये ६०५ मेगाहर्ट्‌झ विनापरवाना खुले केले, पण त्या लहरी चिऱ्याच्या भिंतींत लवकर अडतात.

इथं ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग’ कामी येतं. नाव तांडेलच हाकतो, पण तिनं कुठल्या धक्क्याला लागायचं ते बंदर ठरवतं. तसंच डेटा राउटर वाहतो, निर्णय मात्र सगळं जाळं पाहणारा कंट्रोलर घेतो. स्टॅनफर्डच्या निक मॅक्‌किऑन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ‘ओपनफ्लो’तून ही वाट खुली केली. २०१२ मध्ये बर्लिनच्या संशोधकांची ‘ओडिन’ प्रणाली आली. तीत प्रत्येक फोनला स्वतःचा आभासी राउटर मिळतो. कंट्रोलर तो एका खऱ्या राउटरवरून दुसऱ्यावर हलवतो. फोनला त्याचा पत्ताही लागत नाही.

एका मोठ्या रिसॉर्टला हे आजही जमेल. खरी अडचण शेजाऱ्यांची: राउटर वेगळे, कंपन्या वेगळ्या, मालक वेगळे. वाडीतल्या दहा घरांनी एकच कंट्रोलर मान्य केल्याशिवाय चॅनेलची वाटणी होणार नाही, आणि ती व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

पण हा कंट्रोलर दूरच्या शहरात नको. ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला ‘निसर्ग’ वादळ धडकलं, तेव्हा वीज गेली, मोबाइल टॉवर बंद पडले. अशा वेळी दूरच्या कंट्रोलरशी बोलणंच तुटतं. पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवणाऱ्या आयआयटी मुंबईचे तत्कालीन प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या गटानं त्या कामानंतर ‘फ्रुगल ५जी’ आराखडा मांडला. तोही सॉफ्टवेअर-नियंत्रितच, पण बाहेरची जोडणी तुटली तरी गावातल्या गावात संपर्क चालू राहावा, अशी सोय त्यात आहे. ओपनफ्लोतही कंट्रोलर गप्प झाल्यावर यंत्रानं स्वतंत्रपणे चालण्याची तरतूद आहे. याच किनाऱ्यावरच्या मुरूड-श्रीवर्धनला असं जाळं उभारताना ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी आणि कंट्रोलरला बॅटरीही द्यावी.